पाचव्या पानाची घडी

४ फेब्रुवारी

गेल्या वर्षीची डायरी कोरीच पडून होती. तारखा त्याच, वार तेवढे चुकतात. वार काय, पेपरावर छापलेला असतोच. म्हणून हीच वापरायला काढली. हिशेबाच्या वहीत असलं काही लिहिलेलं मला खपत नाही. तिथे फक्त आलं आणि गेलं.

आज डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. यांच्या नजरेचा मधला भाग गेला, तो आता परत येणार नाही. कडेकडेचं दिसत राहील. म्हणजे जिना उतरता येईल, ताटातलं हाताला लागेल, पण समोर धरलेलं अक्षर दिसणार नाही. समोरच्याचा चेहराही नाही. यांनी विचारलं, "म्हणजे ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच दिसायचं नाही?" डॉक्टर म्हणाले, "अगदी बरोबर." तर हे म्हणतात, "आमच्या जुन्या संपादकांना जन्मभर हाच आजार होता." डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही.

रक्तदाबही वाढलेला निघाला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना त्रागा होऊ देऊ नका." चाळीस वर्षं वर्तमानपत्रात काढलेल्या माणसाला त्रागा नको, म्हणजे माशाला पाणी नको.

घरी येऊन दारात चपला काढताना हे म्हणाले, "कचेरीत कळता कामा नये."

५ फेब्रुवारी

कचेरीचं असं आहे की नोकरी संपून यांना सहा वर्षं झाली, पण रविवारच्या अंकातलं यांचं 'वेचलेलं' हे सदर चालू आहे. कचेरीतून आठवड्याभराच्या पेपरांचा आणि मासिकांचा गठ्ठा येतो. हे त्यातून सहा-सात गोष्टी वेचून काढतात. कुठे कसलं नाटक लागलंय, कुठल्या चित्रकारानं काय नवं केलंय, कोण पुढारी काय बोलून गेला आणि कुठल्या पेपरानं ते कसं छापलं. प्रत्येकावर यांच्या चार-पाच ओळी, तिखटमीठ लावून. गुरुवारी लिफाफा कचेरीत पोचवायचा. घरात यांचे दोनच दिवस असतात, गुरुवार आणि गुरुवारच्या आधीचे.

आताच्या संपादकबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. गाण्यांवर लिहिणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना ऐकू येईनासं झालं, तर त्यांना शाल देऊन घरी बसवलं. फोटोसुद्धा छापला होता. तेव्हापासून यांना शालीची धास्ती आहे.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, हल्ली फोनच वाचून दाखवतो. मी लावून देते." लावून दिलं. यांनी जरा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "ही बाई बातमी वाचतेय की गाडी सुटल्याचं सांगतेय? बंद कर."

मग ठरलं. मी वाचायचं, यांनी सांगायचं, मी लिहायचं. मॅट्रिकला माझं अक्षर वर्गात पहिलं होतं, ते कुठेतरी कामाला आलं.

९ फेब्रुवारी

वाचायला बसलो. मी खुर्चीवर, हे पलंगावर. वाटतं तितकं सोपं नाही. स्वल्पविराम आला की मी थांबते, आणि थांबले की हे म्हणतात, "मेला का तो?"

एक खटकतं. मी वाचत असते आणि हे तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसतात. समोर बसून वाचणाऱ्या माणसाकडे पाठ फिरवावी तसं. आवाजाचा कंटाळा येत असेल. येणारच, पस्तीस वर्षं ऐकतायत.

१२ फेब्रुवारी

लिफाफा गेला. मीच नेला. दाराशी बसलेल्या शिपायाला सांगितलं, यांचे गुडघे दुखतात. गुडघे दुखतातच, खोटं नाही.

पण आठवडाभर पेपर वाचून माझं मन विटलं. एवढं घाणेरडं जग रोज सकाळी आपल्या दारात येऊन पडतं, आणि आपण त्याला पैसे देतो! एका आमदारानं दुसऱ्याच्या आईवरून काहीतरी म्हटलं ते अक्षरशः छापलंय. एका नटीनं तिसरा नवरा सोडला. आणि कलेच्या पानावर तर देवा, मोठमोठी चित्रं आणि कुणाच्या अंगावर सूत नाही. हे मी तोंडानं वाचायचं?

सकाळी प्रार्थनेला बसले तेव्हाही तेच डोळ्यांपुढे. मग ठरवलं, जे वाचवत नाही ते वाचायचं नाही. पान उलटायचं किंवा घडी घालून मांडीखाली सरकवायचं. यांचा रक्तदाबही शांत राहील. न वाचणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. ताटात कारलं वाढलं नाही म्हणून कोणी वाढणारणीला लबाड म्हणत नाही.

१८ फेब्रुवारी

पद्धत बसली. वाईट बातमी आली की पान दुमडायचं आणि पुढे जायचं. आवाज होऊ नये म्हणून मी खोकते. आज यांनी विचारलं, "घसा बसलाय का तुझा?" म्हटलं, "धूळ असते हो पेपरांना."

२२ फेब्रुवारी

संपादकबाईंचा फोन. म्हणाल्या, वाचकांना हल्ली 'वेचलेलं' फार आवडतंय, वाचून प्रसन्न वाटतं म्हणतात. यांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "प्रसन्न! मी काय अत्तराची बाटली आहे?"

मला मात्र बरं वाटलं. खालच्या मजल्यावरच्या दुर्बीणबाई (आम्ही दोघंच त्यांना असं म्हणतो, जिन्यात कोण चढलं-उतरलं ते त्यांना दारामागून दिसतं) मुद्दाम वर आल्या. "तुमच्या यजमानांची लेखणी मऊ झाली हो वयानं!" मी म्हटलं, "देवाची कृपा."

२६ फेब्रुवारी

आज कठीण गेलं.

वाचता वाचता यांनी हात वर केला. "एक सांग. हल्ली जगात कोणी कोणाला शिव्या देत नाही का?"

"लोक सुधारले असतील."

"तीन आठवड्यांत?"

मी पान उलटलं.

"आणि कलेचं पान येत नाही का? दर मंगळवारी यायचं."

"जाहिराती असतात हल्ली त्या पानावर."

बोलून गेले आणि जीभ चावली. न वाचणं वेगळं, हे वेगळं. हे सरळ खोटं झालं. हे खिडकीकडेच बघत होते, म्हणाले, "बरं. जाहिराती तर जाहिराती. पुढे वाच."

आठवडाभर बिनसाखरेचा चहा प्यायचा असं देवापुढे कबूल केलं. तेवढीच साखरही वाचेल.

४ मार्च

एकदाची चांगली बातमी मिळाली. पहिल्या पानावर होती. नगराध्यक्षांनी स्वतःच्या संग्रहातली हजारो पुस्तकं नव्या वाचनालयाला दिली. लहानपणी कंदिलाखाली वाचायचे, पुस्तकांनीच घडवलं, वगैरे. फोटोत मागे भिंतभर पुस्तकं. शेवटी लिहिलं होतं 'पान ५ वर'.

पान पाच उघडलं आणि पटकन मिटलं. अर्ध्या पानावर एका पुतळ्याचा फोटो. बाईचा, आणि अंगावर चिंधी नाही. त्याच पानाच्या कोपऱ्यात बातमीचा उरलेला भाग असणार, पण तिकडे नजर न्यायची म्हणजे त्या बाईवरून न्यायची. घडी घातली आणि उठून स्वयंपाकघरात कपाटाच्या फळीवर अंथरली, फोटोची बाजू खाली करून. कागद जाड होता, वाया कशाला घालवा. राहिलं काय असणार, आणखी चार जणांची कौतुकं.

परत येऊन बसले तर यांनी विचारलं, "एवढंच आहे?"

"एवढंच."

"एवढ्यावर थांबला वार्ताहर? पहिल्या पानावरची बातमी अशी मध्येच थांबत नाही."

"थांबली खरी."

बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं डुलकी लागली. मग म्हणाले, "लिही मग." आणि सांगितलं. छान सांगितलं. शेवटची ओळ अशी होती: 'सत्तेच्या खुर्चीत बसून पुस्तकं देऊन टाकणारा माणूस दुर्मीळ, त्याला एकदा तरी उभं राहून नमस्कार करायला हरकत नाही.' यांच्या तोंडून पुढाऱ्याला नमस्कार! मी दोनदा विचारलं, "नमस्कारच ना?" म्हणाले, "तू वाचलंस त्यावरून तरी नमस्कारच."

८ मार्च

छापून आलं. नगराध्यक्षांच्या कार्यालयातून आभाराचा फोन आला. कात्रण मोठं करून वाचनालयाच्या दाराशी लावणार आहेत म्हणे. यांनी "बरं" म्हटलं आणि फोन माझ्याकडे दिला. जेवले नीट नाहीत.

१० मार्च

सकाळी दार वाजलं. काठी टेकत आलेले एक गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, हातात पेपराची गुंडाळी. आत या म्हणण्याआधीच म्हणाले, "'वेचलेलं' लिहिणारे हेच घर ना?"

हे उठून उभे राहिले. आवाजावरून अंदाज घेऊन हात जोडले.

"नमस्कार नको. नमस्कार तुम्ही रविवारी केलात तो पुरे झाला," ते म्हणाले. मग बसले. टेकडीवरची शाळा मागे बंद पडली, तिचे ते ग्रंथपाल. तीस वर्षं तिथली पुस्तकं सांभाळली. शाळेला कुलूप लागलं तेव्हा पुस्तकं सुरक्षित ठेवतो म्हणून नगरपालिकेनं नेली, ती थेट नगराध्यक्षांच्या बंगल्यावर गेली.

"कित्येक महिने त्या वार्ताहराच्या मागे फिरलो मी. पुस्तकांवरचे शिक्के दाखवले. बिचाऱ्यानं छापलं. आणि त्यावर तुम्ही, तुम्ही, सगळ्यांची पिसं काढणारे, त्या माणसाला उभं राहून नमस्कार करता? आता मला गाठून लोक सांगतात, अहो, 'वेचलेलं'मध्ये आलंय, म्हणजे तुमचंच काहीतरी चुकलं असेल."

हे म्हणाले, "शिक्के?"

"बातमी वाचलीत ना तुम्ही?" त्यांनी गुंडाळी उलगडून यांच्या तोंडासमोर धरली. "हे घ्या. वाचा. पान पाच."

यांनी पान हातात घेतलं. नजर पानाच्या बाजूला कुठेतरी. मग शांतपणे पान परत दिलं आणि म्हणाले, "तुम्हीच वाचा. मोठ्यानं."

त्यांना ते अपमानासारखं वाटलं असावं. पण वाचलं. मुलाला धडा वाचून दाखवावा तसं, शब्द शब्द. शाळेचं नाव. पुस्तकांवरचे शिक्के. ताब्यात घेतल्याची पावती नाही. शाळेची माजी मुलं काय म्हणाली ते. नगराध्यक्षांनी उत्तर द्यायला नकार दिला ते. हे प्रथमच ऐकत होते, आणि मीही.

वाचून झाल्यावर हे म्हणाले, "चूक झाली. येत्या रविवारी दुरुस्त करतो."

"काय दुरुस्त करणार? दाराला लागलंय ते कात्रण." काठी उचलून गेले. पाणीही घेतलं नाही.

मी दार लावून आले. मला वाटलं आता आकाश कोसळणार. हे एवढंच म्हणाले, "ते पान कुठे आहे?"

"कपाटात. फळीवर."

"आण."

डबे खाली काढले, पान उचललं, आणलं. तेलाचा एक डाग पडला होता.

"आता सगळं वाच. कोपऱ्यातली बातमी त्यांनी वाचली. उरलेलं वाच."

"अहो, ते पुतळ्याचं आहे."

"मग पुतळ्याचं वाच."

वाचलं. एका शिल्पकार बाईनं आपल्या आईचा पुतळा केला. आई आंघोळीला बसलेली आहे. प्रदर्शनाबाहेर लोकांनी निदर्शनं केली, दोन दिवस दार बंद ठेवावं लागलं. मजकूर संपला.

"आता फोटो सांग."

"मी नाही सांगणार."

"मला दिसत नाही, म्हणून विचारतोय."

हे वाक्य यांनी डॉक्टरांकडून आल्यापासून आजच पहिल्यांदा उच्चारलं. मग काय करणार. पान जवळ घेऊन नीट बघितलं. तरुण बाई नव्हतीच ती. मी त्या दिवशी घाईत काय पाहिलं देव जाणे.

"म्हातारी आहे," मी म्हटलं. "माझ्याएवढी. पाटावर बसलीये. पोट सुटलंय. एक खांदा खाली गेलाय, ओझी उचलून जातो तसा. पाठीच्या मणक्यावर पाणी ओघळतंय असं केलंय दगडात. केस वर बांधलेत, दोन बटा मानेवर चिकटल्यात. एक हात मागे पाठीकडे नेलाय, पण पोचत नाहीये."

"आणि चेहरा?"

"चेहरा कोणी आत आलं नाही ना असं बघणारा."

हे म्हणाले, "आणि हे तू माझ्यापासून लपवलंस."

रागावले असते तर परवडलं असतं.

११ मार्च

दुरुस्ती लिहायला बसलो. यांनी सांगितलं: 'मागील रविवारी नगराध्यक्षांविषयी लिहिलं ते चूक होतं. मी बातमी अर्धीच वाचली. ती अर्धी आहे हे मला जाणवलं होतं, तरी मी लिहिलं. दोष सर्वस्वी माझा.' पुढे शाळेची सगळी हकिगत.

मी पेन खाली ठेवलं. "हे खोटं आहे. अर्धी मी वाचली. दोष माझा."

"माझं सदर, माझा दोष."

"तुम्हाला काय जाणवणार होतं? मी पान लपवलं ते तुम्हाला थोडंच दिसलं! उगाच माझ्यासाठी स्वतःच्या अंगावर घेऊ नका."

यांनी काहीतरी बोलायला घेतलं, मग तोंड खिडकीकडे फिरवलं. म्हणाले, "सांगितलं तसं लिही."

"देवाला काय सांगू?"

"देव रविवारचा अंक वाचत नाही."

"पण ग्रंथपाल वाचतात. त्यांना वाटेल तुम्ही आळशी. तुम्ही आळशी नाही. तुम्हाला दिसत नाही. खरं ते लिहा."

"खरं लिहिलं की शाल आली. समजतंय का तुला? गुरुवार गेले माझे. मग मी सकाळी उठून काय करू, कपाटाच्या फळ्या पुसू?"

यांचा आवाज चढला. खाली दुर्बीणबाईंचं दार उघडल्याचा आवाज आला. मी उठून भाजी चिरायला गेले. संध्याकाळपर्यंत बोलणं नाही. मीठ मागायचं तर भिंतीला सांगितल्यासारखं.

मला एवढंच कळतं. यांच्या नावाचा कागद माझ्या हातात असतो. मी काही लिहिलं तरी यांना दिसणार नाही. दिसणार नाही म्हणूनच ते करता येत नाही. एकदा करून झालंय.

१२ मार्च

सकाळी चहा घेताना म्हणाले, "लिही. पण 'आंधळा' शब्द नको. 'फेब्रुवारीपासून मला वाचता येत नाही, घरून वाचून घेतो,' एवढं. घरून. तुझा उल्लेख नाही."

"आणि दोष?"

"दोष दोघांत वाटून टाकू. लिही, 'वाचण्यात आणि ऐकण्यात चूक झाली.'"

"ऐकण्यात कुठे झाली?"

"बाई गं, लिही."

लिहिलं. हे मला पटलेलं नाही, पण निम्म्याहून जास्त खरं आहे.

कचेरीत आज संपादकबाईंनीच आत बोलावलं. लिफाफा माझ्यासमोर फोडून वाचला. नंतर चष्मा काढून म्हणाल्या, "अक्षर तुमचंच ना? गेला महिनाभर?"

"हो."

"मला वाटलंच होतं. विचारलं नाही."

"का नाही विचारलं?"

"विचारलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं."

माझ्यासाठी चहा मागवला. साखर होती. प्यायले. देवाला बोललेला आठवडा कधीच संपला होता.

१५ मार्च

छापलं, एक शब्द न बदलता. दुपारी ग्रंथपालांचा फोन. म्हणाले, "वाचलं. आभार मानणार नाही, ते तुमचं कामच होतं. पण वाचलं." मग म्हणाले, "मी परवा तुमच्या तोंडासमोर पान धरलं. मला ठाऊक नव्हतं." यांनी म्हटलं, "तुम्ही वाचता चांगलं." दोघंही जरा हसले.

वाचनालयाच्या दाराचं कात्रण काही काढलेलं नाही. दुर्बीणबाई मुद्दाम बघून आल्या.

१८ मार्च

संपादकबाई घरी आल्या. शाल आणली नाही, एवढं मात्र खरं. मालकांचं म्हणणं त्यांनी सांगितलं. ज्याला वाचता येत नाही त्याचं 'वेचलेलं' कसं छापायचं, शिवाय नगराध्यक्षांच्या माणसांचे फोन येतायत. सदर थांबवलं.

हे म्हणाले, "बरोबर आहे."

एवढंच? मला वाटलं भांडतील.

जाताना जिन्यात त्या मला म्हणाल्या, "तुम्ही स्वतः काही लिहून पाठवाल का? तो पुतळा तुम्ही यांना सांगितलात ना, यांनी मला फोनवर शब्द न् शब्द सांगितला. तसं काही." भल्या घरची मुलगी, मन राखायला बोलली. मी म्हटलं, "मी मॅट्रिक. मी काय लिहिणार?"

२४ मार्च

हे उठत नाहीत. उठतात, तोंड धुतात, पुन्हा आडवे होतात. दाढी वाढली आहे. गुरुवार आला आणि गेला, यांना कळलं की नाही कोण जाणे. रक्तदाब तपासला, अगदी उत्तम. डॉक्टर खूश.

२८ मार्च

वाचू का विचारलं. "कशाला?" तरी वाचलं. कुठे कोणी वाढदिवसाला झाडं लावली, कुठे एका म्हातारीनं गाण्याची परीक्षा दिली. हे भिंतीकडे तोंड करून होते, खिडकीकडे नाही. "हं" सुद्धा म्हणाले नाहीत.

मुलगी फोनवर म्हणते, "बाबांना काहीतरी छंद लावून दे." मी म्हटलं, "छंदच तर काढून घेतला."

आज प्रार्थनेत काय मागावं कळेना. शांती मागणार होते. शांती तर घरभर पडली आहे, पाय ठेवायला जागा नाही.

३ एप्रिल

वाचनालयाचं उद्घाटन काल झालं. आज पहिल्या पानावर आहे. आधी मी एकटीनं वाचलं, स्वयंपाकघरात, उभ्यानं. एक मन म्हणालं, घडी घाल. दुसरं म्हणालं, घालून बघितलीस ना एकदा?

यांच्याजवळ गेले आणि खुर्ची ओढून बसले. "वाचते," म्हटलं, "ऐकायचं नसेल तर कानांत बोटं घाला."

नगराध्यक्षांचं भाषण होतं. 'माझ्यावर आरोप झाले. ज्या सद्गृहस्थांनी आधी नमस्कार केला आणि मग परत घेतला, त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे. ज्यांना स्वतःला दिसत नाही, ते आता आपल्याला पुस्तकं दाखवायला निघालेत.' पुढे कंसात 'हशा' असं छापलं होतं. तेही वाचलं. हशा.

हे हलले नाहीत. मी पुढे वाचलं. सगळी पुस्तकं नव्यानं बांधून घेतली आहेत. जुनी, मळलेली पहिली पानं काढून टाकून त्या जागी नगराध्यक्षांच्या सहीचं नवंकोरं पान चिकटवलं आहे.

"थांब." हे उठून बसले होते. "कुठली पानं काढली?"

"पहिली."

"म्हणजे शिक्क्याची. प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान फाडलं?"

"असं लिहिलंय."

"पुन्हा वाच. 'हशा'सकट."

पुन्हा वाचलं. यांच्या कपाळाची शीर उडत होती. मला डॉक्टर आठवले. आठवले, आणि मी पुढचं पान उलटलं, 'पान ६ वर' होतं ते. आतल्या पानावर लिहिलं होतं की ग्रंथपाल दाराशी उभे होते, त्यांना आत सोडलं नाही.

"कागद घे," हे म्हणाले.

"सदर बंद झालंय."

"सदर बंद झालंय, माझं तोंड नाही. घे कागद."

"पाठवायचं कुठे?"

"आधी लिहून तर काढ. पाठवायला जगात पेपर काय एकच आहे?"

चष्मा शोधला, पेन शोधलं, बसले. हे सांगत गेले. जुन्या दिवसांसारखं, भराभर, हात हलवत, तोंड पुन्हा खिडकीकडे. मी मागे पडले की "मेला का तो?" चार परिच्छेद झाले. ग्रंथपालांचा आला, शिक्क्यांचा आला, फाडलेल्या पानांचा आला. शेवटच्या वाक्याला अडकले. 'मुलांच्या पुस्तकांची पहिली पानं फाडणारा हा नगराध्यक्ष म्हणजे निव्वळ एक...' आणि शब्द सापडेना. 'दांभिक' म्हणून पाहिलं, मिळमिळीत. 'लबाड' म्हणाले, स्वतःच नको म्हणाले.

मी एक शब्द सुचवला.

लहानपणी आमच्या गल्लीत ऐकलेला. उभ्या जन्मात कधी तोंडातून काढला नव्हता. कसा आला कळलं नाही, पण स्पष्ट आला.

हे इतके हसले की ठसका लागला, मी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन डोळे पुसले आणि म्हणाले, "हा कोणी छापणार नाही."

"मग काय लिहू?"

"हाच लिही."

लिहिला. अक्षर जरा मोठं आलं.